संगणकाला 'हव' कळावे म्हणून



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला गणित शिकविले. मी आता नवशिक्या मुलांना संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकवितो. आजचा विषय त्यातलाच आहे.

संत्र्यांच्या पेट्यांची नोंद ठेवणारी एक लहानशी आज्ञावली मी नमुन्यादाखल लिहिली होती. पेट्या किती, तालुका कोणता, आणि शेवटी 'आणखी नोंद करावयाची काय?' अपेक्षित उत्तर 'हो'. पहिल्याच मुलीने 'हव' असे लिहिले. मोहगावात तिच्या घरी होकार असाच देतात. पडद्यावर उमटले, 'उत्तर चुकीचे'. ती शरमली. चूक माझी होती, हे मला तिला सांगावे लागले.

तालुक्याचेही तेच. कोणी 'सौसर' लिहिले, कोणी हिंदी वळणाने 'सौंसर'. यादीत एका तालुक्याचे दोन झाले. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. दोन्ही वळणे आपल्या हातात राहणारच. म्हणून दोन्ही रूपांपुढे एकच नाव लिहिलेला तक्ता आज्ञावलीला द्यावा लागतो. उत्तराच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागाही आधी काढून टाकावी.

आकड्यांची गंमत निराळी. पायथन भाषेतील 'इंट' हे '१२' आणि '12' दोन्ही सारखेच वाचते. सी भाषेतील 'एटॉय' मात्र देवनागरी '१२' दिल्यास मुकाट्याने शून्य परत करते. बारा पेट्यांचे शून्य व्हावे आणि यंत्राने ब्रही काढू नये, हे मला 'चुकीचे' म्हणण्याहून वाईट वाटते.

पण सैलपणाही बेताचाच हवा. एका हुशार विद्यार्थ्याने ठरविले, की उत्तरात कोठेही 'हो' आढळला की होकार समजावा. 'सर्व नोंदी पुसू काय?' या प्रश्नाला मित्राने लिहिले, 'नको हो'. दुपारभर भरलेल्या नोंदी गेल्या! तेव्हापासून आम्ही संपूर्ण उत्तर ताडून पाहतो, आणि ते यादीत नसेल तर काहीही न करता प्रश्न पुन्हा विचारतो. तोंडी परीक्षेत उत्तर उमगले नाही तर गुरुजी शून्य देत नसत. 'पुन्हा सांग' म्हणत.

होकारांच्या यादीत 'हव' त्या मुलीनेच लिहिला. 'बरं' घ्यावे की नाही, यावर वर्गात अद्याप एकमत नाही.