पाणी कोणाच्या घागरीत?



कात्रजचा तलाव आपणां सर्वांच्या नित्य पाहण्यातला. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास येथून बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले. केवळ उताराच्या बळावर ते पेठांतील हौदांत खेळले. कारागिरी थोर खरी. परंतु सवर्णांचे पाणवठे अस्पृश्यांना बंदच राहिले. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला.

आमच्या बालपणी घरच्या आडावरही तीच जुनी रीत होती आणि आम्ही ती मुकाट्याने पाळली, हे सांगताना मान खाली जाते. म्हणून विनंती एवढीच, की मंडळाने कोणतीही सोय उभारताना प्रथम विचारावे : दाराबाहेर कोण राहिला?