गाडी मामाची, नाव सरकारचं



मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे आता हा कलमं सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. कलमं येतील, पण आधी एका गाडीची गोष्ट सांगतो.

माझा मामा भाजीचा धंदा करतो. पहाटे शिवारातून माल उचलायचा आणि शहरातल्या मार्केटात टाकायचा. टेंपो भाड्याचा, रोजचे सातशे रुपये. जून २०२४ मध्ये आपल्या भागातल्या एका शहराच्या पालिकेने जुन्या गाड्यांचा लिलाव काढला. त्यात पाणीपुरवठा विभागाची एक पिकअप होती, २०११ सालची. मामाने एक लाख दहा हजाराला बोली लावली आणि गाडी त्याच्यावर पडली. पैसे भरले, पावती मिळाली, गेटपास मिळाला. पेढे वाटूनच मामा घरी आला.

मग आरटीओत गेला. तिथे सांगितलं, ‘फॉर्म २९ आणि ३० वर पालिकेची सही आणा.’ पालिकेत सांगितलं, ‘लिलावाच्या गाडीला ते फॉर्म लागत नाहीत, फॉर्म ३२ लागतो.’ पुन्हा आरटीओ. ‘फॉर्म ३२ सरकारी लिलावाला. पालिका म्हणजे सरकार का?’

हसू नका, प्रश्न खरा आहे. मोटार वाहन नियमांतला ५७ वा नियम केंद्र किंवा राज्य सरकारने, किंवा त्यांच्या वतीने, केलेल्या लिलावाबद्दल बोलतो. गाडी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत फॉर्म ३२ भरायचा. सोबत आरसी, विमा, विक्री कायम केल्याचं सही असलेलं पत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडायची. मामाकडे होती पावती आणि गेटपास. तीस दिवस तर हेलपाट्यातच गेले. आमच्या पुस्तकात ‘राज्यसंस्था’ हा एकच शब्द असतो, पण मामाला ती दोन खिडक्यांत भेटली आणि दोन्ही खिडक्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या.

मामा म्हणाला, “पैसे घेतल्यात, किल्ली दिल्यात, मग कागद का देईनात?”

इथेच खरी गोम आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे लिलावात हातोडा पडला की विक्री पूर्ण होते. म्हणजे गाडी मामाची. पण मोटार वाहन कायदा बघतो आरसीवर नाव कुणाचं ते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकत गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच होतं. अपघात झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकाची.

नाव नाही म्हणून मामाला विमा मिळेना. विमा नाही म्हणून गाडी रस्त्यावर काढता येईना. गाडी अंगणात ताडपत्रीखाली आणि भाड्याचा टेंपो चालूच.

त्यात आणखी एक घड्याळ टिकटिकत होतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ५२-अ नियमाने सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. महापालिका, नगरपालिका, पंचायतीच्या गाड्याही त्यात येतात. मामाची गाडी २०११ ची. कागदावर ती पालिकेचीच राहिली, तर २०२६ मध्ये एक लाख दहा हजारांचं भंगार.

लिलावाची नोटीस कन्नडमध्ये होती. मामा कन्नड झकास बोलतो, पण शिकला मराठी शाळेत, सातवीपर्यंत. नाव बदलून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची, हे नवव्या अटीत लिहिलं होतं. त्याने सही केली होती.

मग आम्ही भांडण कागदावर आणलं. मामाने मराठीत अर्ज लिहिला, त्याच्याच अक्षरात. क्लार्क म्हणाला, मराठी चालत नाही. मी राज्यघटनेचं कलम ३५० दाखवलं. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे तक्रार-अर्ज देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्याने साहेबांना विचारलं आणि पोच दिली. अर्जात भाषेबद्दल चकार शब्द नव्हता. एवढंच लिहिलं होतं: गाडी अजून तुमच्या नावावर आहे, उद्या काही झालं तर भरपाईची नोटीस तुम्हाला येईल.

अकराव्या दिवशी पालिकेतून फोन आला. विक्रीचं पत्र आणि आदेशाची प्रत मिळाली. उत्तर कन्नडमध्ये आलं, कारण कलम ३५० अर्जाची भाषा सांगतं, उत्तराची नाही. ते उत्तर आम्हाला वाचून दाखवलं त्याच क्लार्कने, आणि फॉर्म ३२ सुद्धा शेजारी बसून भरून दिला. हेही सांगायला हवं.

आरसी मामाच्या नावावर झाली, पण चौदा महिन्यांनी. तेवढ्या दिवसांचं टेंपोभाडं तुम्हीच मोजा. ते कुणी परत देणार नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. घरात कुणी लिलावात उतरत असेल तर नोटीस शेवटच्या अटीपर्यंत वाचून घ्या, येत नसेल तर शेजारच्या कन्नड मित्राकडून. गाडी बाहेर काढण्याआधी विक्रीचं पत्र आणि आदेशाची प्रत हातात घ्या. आणि तोंडी भांडू नका, लिहून द्या, पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर लक्षात ठेवा, तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो. तक्रार-अर्ज मात्र मराठीत चालतो.

आपल्याकडे हक्क म्हटलं की मोर्चा आठवतो. मोर्चा काढावा लागतो तेव्हा काढूच. पण मामाची गाडी आज पहाटे मार्केटात गेली, ती एका पानाच्या अर्जामुळे. तो अर्ज लिहिणारं एक तरी पोर प्रत्येक घरात असावं.