घटस्फोटाचा कागद



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस पत्र घातले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी होती की, आम्ही बोनसवर बोलू, कंत्राटी कामगारांवर बोलू, निदान महागाईवर तरी बोलू. तीस वर्षे युनियनचे काम करणाऱ्या माणसाने दुसरे काय बोलावे? विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एकाने आम्हांस मुद्दाम विचारले, "तुमच्या घरी सगळे ठीक आहे ना?" ठीक आहे. आमचा संसार एकाच बाईने सांभाळला आहे, आणि तिने अजून तक्रार केलेली नाही. परंतु युनियनच्या कचेरीत भांडण मजुरीचेच येते असे नाही. कामगार मेल्यावर त्याच्या मागे राहिलेले भांडणही आमच्याच टेबलावर येते. त्यातल्या एका कागदाची हकिकत आज सांगावयाची आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा आम्ही शिकलो तो कारखान्याच्या फाटकावर आणि कोर्टाच्या ओसरीवर. वकील मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी चुकले तर कान धरावा.

प्रथम एक साधा प्रश्न. मूल जन्मले तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद होते. माणूस मेला तरी होते. त्यासाठी 1969 चा कायदा आहे. लग्नाची नोंद करण्यासाठी आपल्या राज्यात 1998 चा कायदा आहे. मग घटस्फोटाची नोंद कोठे होते? आम्ही हा प्रश्न पुष्कळांना विचारला आहे. कोणी म्हणतात तहसील, कोणी म्हणतात जेथे लग्न नोंदले तेथे. खरी गोष्ट अशी की, जन्ममृत्यूचे असते तसे घटस्फोटाचे रजिस्टर आपल्याकडे कोठेच नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासूनची पद्धत निराळी आहे. तेथे लग्न नागरी निबंधकाच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि ते मोडले तर त्याच नोंदीच्या समासात तसा शेरा पडतो. एक पान उघडले की माणसाची स्थिती कळते. आपल्याकडे घटस्फोट राहतो तो ज्या कोर्टाने दिला त्या कोर्टाच्या दप्तरखान्यात, फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात. कोर्ट कोणते, साल कोणते, अर्जाचा क्रमांक कोणता, या तीन गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत, त्याचा घटस्फोट असून नसल्यासारखा.

आणि पुष्कळांचा तर मुळात नसतोच. आमच्या लोकांत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द जुने आहेत. चार माणसे बसली, स्टॅम्पावर दोन ओळी लिहिल्या, अंगठे उठले, मोकळे झाले. जुन्या मुंबई प्रांतात हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा 1947 साली झाला. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो 1955 साली. त्याच्या 29 व्या कलमाने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे; पण ती रूढी आपल्या जातीत पूर्वापार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे सांगणाऱ्यावर असते. नोटरीचा शिक्का बसला म्हणजे लग्न मोडले, अशी समजूत करून दुसरे लग्न केलेले किती संसार आम्ही पाहिले! माणूस जिवंत असेपर्यंत कोणी विचारीत नाही. तो गेला की पहिल्या टेबलावरचा पहिला कारकून विचारतो.

आता हकिकत. आमच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एक फिटर होता. 1993 साली लागला, 2023 साली हृदयविकाराने गेला. पाठीमागे बायको आणि दोन मुले. 1995 च्या योजनेप्रमाणे विधवेला निवृत्तिवेतन मिळावयाचे. बाईंनी अर्ज दिला. उत्तर आले की, मयताच्या नोकरीच्या सुरुवातीच्या कागदात पत्नी म्हणून दुसऱ्याच बाईचे नाव आहे, सबब पहिला विवाह रद्द झाल्याचा न्यायालयाचा हुकूमनामा सादर करावा. बाई तो कागद घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "दादा, ते सांगायचे कोर्टात झालंय म्हणून. मी कधी कागद मागितला नाही. नवऱ्याला कोण कागद मागतं?"

हा प्रश्न आम्ही पुढे कितीतरी सभांतून सांगितला आहे. बायका हसतात, आणि मग गप्प होतात.

मुलांचे फारसे अडत नव्हते; दुसरे लग्न बेकायदा ठरले तरी कायद्याचे 16 वे कलम मुलांना औरसच धरते. पण आईला असे कलम नाही. कागद नसेल तर सव्वीस वर्षांचा संसार केलेली बाई कचेरीच्या लेखी कोणीच नव्हे.

कोर्ट कोणते? बाईंना नवऱ्याच्या मूळ तालुक्याचे नाव माहीत होते. मराठवाड्यातील एक लहानसे गाव. आम्ही तिकडे पत्र घातले. उत्तर आले नाही, म्हणून गेलो. तेथे कळले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हिंदू विवाह कायद्याचे अर्ज प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात चालत नाहीत. जेथे कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश बसतात तेथील माणसाला शेजारच्या मोठ्या गावी, वरिष्ठ स्तराच्या कोर्टात जावे लागते. शिवाय लग्न जेथे लागले, नवराबायको शेवटी जेथे एकत्र राहिली, किंवा सामनेवाला जेथे राहतो, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. 2003 पासून बायको स्वतः राहते तेथेही करू शकते. म्हणजे एका घटस्फोटासाठी चार गावे संशयित! त्यात नकाशे बदलतात. वाशीम 1998 साली अकोल्यातून निघाले, हिंगोली 1999 साली परभणीतून. महसूलाचा जिल्हा वेगळा झाला म्हणून कोर्टाचे जुने गठ्ठे त्याच दिवशी बैलगाडीत बसून निघतात असे नाही. शहरांत कौटुंबिक न्यायालये आली आहेत; तेथला शोध पुन्हा निराळा.

संगणक पाहा, असे तरुण मंडळी म्हणतील. पाहिला. हल्ली प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा एक नंबर असतो, तो घातला की मोबाइलवर तारीख दिसते. फार चांगली सोय आहे. परंतु गेल्या शतकात निकाली निघालेल्या अर्जाला तो नंबर कोणी द्यावयाचा? आमच्या फिटरचे नाव तेथे नव्हते.

शेवटी माग लागला तो आमच्याच कपाटात. 1995 साली या माणसाला गैरहजेरीबद्दल कारखान्याने आरोपपत्र दिले होते आणि युनियनने त्याचे उत्तर केले होते. जुनी फाईल काढली. उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. पण उत्तराला जोडलेला हजेरीचा दाखला शाबूत होता. सदर इसम अमुक तारखेस या कोर्टात हजर होता, खाली गावाचे नाव, हिंदू विवाह अर्ज, क्रमांक आणि साल. तीन गोष्टी एका चिठोऱ्यावर! आम्ही त्या दिवशी कचेरीत सर्वांना चहा पाजला.

चहाची घाई झाली. त्या गावी जाऊन आम्ही दप्तरखान्यात क्रमांक दिला. दिवाणी कोर्टात दाखल होणारे प्रत्येक प्रकरण त्या त्या वर्षाच्या रजिस्टरात ओळीने क्रमांक घेऊन चढते आणि शेवटच्या रकान्यात त्याचे काय झाले ते लिहिलेले असते. आमच्या नोंदीसमोर लिहिले होते : अर्जदार गैरहजर, अर्ज काढून टाकला. तारीख पाहिली, आणि आमच्या पोटात खड्डा पडला. आरोपपत्राचे प्रकरण आम्ही लढून मिटविले होते. पण मिटविताना त्याच्याकडून "यापुढे विनापरवाना रजा घेणार नाही" असे लिहून दिले होते. मजकूर आमच्याच हातचा. पुढच्या तारखेला बहुधा रजा मिळाली नाही, आणि तो गेला नाही. आम्ही त्याची नोकरी वाचविली आणि त्याचा दावा बुडविला, हे आम्हांस अठ्ठावीस वर्षांनी कळले.

सोबत आलेल्या बाईंना काय सांगावे? आम्ही रजिस्टर मिटत होतो, तेवढ्यात तेथील वयस्क कारकून बाई म्हणाल्या, "अहो, थांबा. नवऱ्याचा गेला म्हणून बायकोचा नसेल कशावरून? पुढचं साल बघू." हे आमच्या डोक्यात आले नव्हते! पुरुषाचा घटस्फोट पुरुषाच्याच नावाने शोधावयाचा, ही आमची खोड. 1996 चे रजिस्टर निघाले. तिकडे कागदोपत्री विवाहित बाईच्या नावापुढे भ्रताराचे 'भ्र.' लिहितात, आणि माहेरचे नाव लावावयाचे तर पित्याचे 'पि.' लिहितात. पहिल्या बाईंनी अर्ज माहेरच्या नावाने केला होता. सामनेवाल्याच्या रकान्यात आमचा फिटर. शेवटी लिहिले होते : अर्ज मंजूर, विवाह विच्छेदित, फेब्रुवारी 1997. दुसरे लग्न लागले त्याच सालच्या मे महिन्यात. तेव्हा अपिलाची मुदत तीस दिवसांची होती (ती नव्वद झाली 2003 साली), आणि ती संपल्याखेरीज दुसरे लग्न करता येत नाही. मधे दोन महिने होऊन गेले होते. बाई बाकावर बसून राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

आता नक्कल. येथे नवी अडचण. विवाहाची प्रकरणे बंद दाराआड चालतात, त्यांतला मजकूर छापण्याला मनाई आहे. 22 वे कलम. म्हणून कारकून बाईंनी विचारले, "तुम्ही पक्षकार आहात का?" नव्हतो. आम्हांस राग आला नाही. कोणाच्याही संसाराची लक्तरे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दोन रुपयांचा स्टॅम्प लावून वाचावी, असे आम्हांसही वाटत नाही. तिऱ्हाइताला नक्कल हवी तर कारण लिहून, प्रतिज्ञापत्र जोडून न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. माहितीच्या अधिकाराचा सोटा येथे चालत नाही. कोर्टातील प्रकरणांच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये सांगितले आहे. आमचा सोटा पिशवीतच राहिला.

दुसरा रस्ता पक्षकाराचा. पहिल्या बाई जवळच्याच खेड्यात, भावाच्या घरी, मजुरी करून राहत होत्या. जावे की नाही, यावर एसटीच्या थांब्यावर आमचा बराच वेळ वाद झाला. सोबतच्या बाई म्हणाल्या, "मीच बोलते." ओसरीवर दोघींचे काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही. नंतर पहिल्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊ, कागद मलाही पाहिजे. निराधारच्या पगारासाठी मागतात. वकिलांनी सांगितलं होतं, कागद कोर्टात आहे. मला वाटलं तो तिथंच ठेवायचा असतो."

मंडळी, घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला कोर्टाने विनामूल्य द्यावी, असे 23 व्या कलमात 1976 पासून लिहिलेले आहे. या बाईंना ती मिळाली नव्हती, मिळते हेही कोणी सांगितले नव्हते. संजय गांधी निराधार योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित बाईला जागा आहे. केवळ कागदावाचून ती योजना त्यांच्या दारावरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच अर्ज केला. अर्जात काय लिहिले ते सांगतो, कारण लोक येथेच चुकतात. कोर्टाचे नाव, अर्जाचा प्रकार, क्रमांक व साल, दोन्ही पक्षांची रेकॉर्डावर आहेत तशीच नावे, निकालाची तारीख. मागणी निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची, दोहोंची. नुसते निकालपत्र नेले तर कचेरी हुकूमनामा मागते, नुसता हुकूमनामा नेला तर निकालपत्र. आणि प्रती एकाहून अधिक मागाव्या. प्रकरणातील किरकोळ कागद ठराविक मुदतीने नष्ट करतात. निकाल आणि हुकूमनामा यांना आयुष्य मोठे असते, म्हणून मिळण्याची आशा सोडू नये. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारा एक गृहस्थ हेच काम पाच हजारांत करून देण्यास तयार होता. आम्हांला एकूण खर्च आला तो आमच्या जाण्याच्या एसटी भाड्याहून कमी.

बारा दिवसांनी नक्कल मिळाली. शेवटच्या पानावर खरी नक्कल असल्याचा दाखला, सही, हुद्दा, मोहोर. आणि अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली, या तारखा. त्या तारखा कारकुनी हौस म्हणून नसतात. नकलेला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. पहिल्या बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पान उलटे धरले, मग सरळ केले, आणि मोहोरेवर बोट ठेवून "हे म्हणजे झालं ना?" असे विचारले.

निवृत्तिवेतन पाच महिन्यांनी सुरू झाले, थकबाकीसह. निराधारचा अर्ज तहसीलात दिला आहे; दोन हेलपाटे झाले, तिसऱ्याला आम्ही बरोबर जाणार आहोत. निघताना दोघींनी आपापला कागद प्लॅस्टिकमध्ये पक्का करून आणते म्हटले, तेव्हा आम्ही घाईने थांबविले. मोहोर उठावाची असते, प्लॅस्टिकखाली बोटाला लागत नाही, आणि मग पुन्हा एखादा कारकून म्हणतो, ही खरी कशावरून? साध्या पाकिटात ठेवा म्हटले. आमची कचेरी रविवारी सकाळी उघडी असते.