खाडीचं पाणी आपल्याच शिवारातून जातं





खाड्या आणि खाजणांच्या काठावरचे खेकडे, शिंपले, गोगलगायी, किडे यांच्यावरची परिषद समुद्रापासून इतक्या दूर, जुन्नर तालुक्यात कशाला, असं गेले काही दिवस बऱ्याच जणांनी विचारलं. कल्याणहून येताना आपण माळशेज घाट चढून आलात. त्या घाटमाथ्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस काळू नदीतून उल्हास नदीत जातो आणि पुढे वसईच्या खाडीत. पूर्वेला पडलेला पाऊस पुष्पावती-कुकडीत येतो, घोड आणि भीमेतून कृष्णेला मिळतो आणि आंध्रात बंगालच्या उपसागरात जातो. एका डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांच्या काठचा चिखल भिजवतं. सातवाहनांच्या काळी नाणेघाटातून उतरणारा माल ज्या कल्याण-सोपाऱ्याला जायचा, तीही खाडीकाठचीच बंदरं. तेव्हा आपण परक्या मुलखात आलेला नाहीत.

या विषयाशी सह्याद्रीचं एक नातं मला फार मोलाचं वाटतं. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना 1911 मध्ये सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या उपनद्यांमध्ये, गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी, ही आपली पक्की समजूत. त्याच्या कुळीतले प्राणी तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होते. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याचं नाव ठेवलं लिम्नोक्निडा इंडिका. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. 1946 साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते संस्थापक-संचालक, आणि आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अ‍ॅनंडेल 1916 साली भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पहिले संचालक झाले. त्याच्या थोडं आधी त्यांनी स्टॅन्ली केंप यांच्यासह ओडिशातल्या चिल्का सरोवराच्या प्राण्यांची पाहणी हाती घेतली होती. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या या सरोवरातल्या स्पंजांपासून खेकड्यांपर्यंतची त्यांची नोंद आजही अभ्यासक उघडून बसतात. सह्याद्रीच्या नदीतला जेलीफिश आणि चिल्क्याच्या काठचा खेकडा एकाच अभ्यासकाच्या टेबलावर आले होते. नदी आणि खाडी यांची खाती आपण नंतर वेगळी केली.

ग्रामस्थांसाठी थोडं सांगतो. तज्ज्ञांनी सांभाळून घ्यावं. ओहोटीला खाडीकाठी बसलं की आधी नुसता चिखल दिसतो. दहा मिनिटं हालचाल न करता बसावं. मग बिळाबिळांतून छोटे खेकडे वर येतात. नराचा एक नांगा अंगाएवढा मोठा असतो, तो उंचावून खाली घेत तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला हटकतो. खाण्याचं काम मात्र लहान नांग्याचं. मादीचे दोन्ही नांगे लहान, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते. चिमूटभर चिखल तोंडात जातो, त्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून घेतले जातात आणि उरलेल्या मातीची गोळी बाहेर टाकली जाते. भरती यायला लागली की बिळाचं तोंड चिखलाने बंद. ही बिळं नसती तर कांदळवनाच्या मुळांशी हवा पोचायला अवघड झालं असतं. आमच्या रानात गांडूळ जे काम करतं, ते तिथे हे खेकडे करतात.

जरा पुढे खडकांना कालवं चिकटलेली, चिखलात तिसऱ्या आणि खुबे, कांदळाच्या बुंध्यांवर गोगलगायी, खोल बिळात चिंबोरी. खाडीत राहणं सोपं नाही. मे महिन्यात पाणी समुद्राइतकं खारट आणि जुलैत वरच्या भागात जवळजवळ गोडं. जो प्राणी हे सोसतो तोच टिकतो. कालव शिंपला घट्ट मिटून वाट पाहतं, कित्येक किडे पावसाळ्यात मरतात आणि ऑक्टोबरनंतर त्यांच्या जागी नवी पिढी बसते. म्हणून खाडीच्या मधल्या पट्ट्यात जाती कमी, पण एकेका जातीची संख्या अफाट. मोठे रोहित पक्षी चिखल चाळतात ते याच बारीक जिवांसाठी. ज्या ठाण्याच्या खाडीला 2022 मध्ये पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, तिथली पक्ष्यांची गर्दी चिखलातल्या या जिवांवर उभी आहे. फोटो पक्ष्यांचे निघतात, अभ्यास चिखलाचा व्हायला हवा.

आता थोडं अवघड बोलतो. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं. या पाण्यावर आमचा कांदा, टोमॅटो, द्राक्षं उभी राहिली, मुलं शिकली. त्याबद्दल कुणी माफी मागण्याचं कारण नाही. पण कृष्णेच्या खोऱ्यात अशी किती धरणं झाली, याचा हिशेब शेवटी तिच्या मुखाशी लागतो. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळी वर्षांत कृष्णेचं समुद्रात जाणारं पाणी जवळजवळ थांबलं होतं. गाळ धरणांत अडला, म्हणून त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला. गोडं पाणी आणि गाळ दोन्ही आटले तर तिथल्या खेकड्या-शिंपल्यांनी जगायचं कशावर? उलटही घडतं. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णेच्या वाट्याचं पाणी दाभोळच्या खाडीत जातं, तेही पावसाळा संपल्यावरसुद्धा.

बिघडलेलं सुधारता येतं, हे चिल्क्याने दाखवलं. गाळाने सरोवराचं मुख बुजत गेलं, खारटपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासे-कोळंबी-खेकडे घटले. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं. काही वर्षांतच मासेमारी सावरली आणि 2002 मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीतून चिल्का बाहेर आलं. पाणी कुठे कसं वाहायचं, याचा विचार करून घेतलेल्या निर्णयाचं ते फळ आहे.

 

स्वागताध्यक्ष म्हणून माझ्या आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडणाऱ्या, कोकणातून इथे आलेल्या बायकांना कुठला खडक कधी रिकामा झाला, कुठल्या वर्षी तिसऱ्या आल्याच नाहीत, हे वर्षानुवर्षं ठाऊक आहे. त्यांना पाहुण्या म्हणून पुढच्या रांगेत बसवून थांबू नका. चर्चेत बोलू द्या, आणि निबंधात त्यांचं नाव माहितगार म्हणून नव्हे, सहलेखिका म्हणून छापा. दुसरी मागणी, निघण्याआधी आमच्या शाळेच्या मुलांना कुकडीच्या काठावर न्या. दगडाखालचे खेकडे, वाळूतले शिंपले, पाण्यातल्या अळ्या ओळखायला आणि तारीख घालून वहीत लिहायला शिकवा. ती नोंद दरवर्षी शाळा ठेवील, हा शब्द मी गावाच्या वतीने देतो. तुमची खाडीची नोंदवही आणि आमची नदीची, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.