मिळकत : धरलेली आणि सोडलेली

अमेरिकेंतील एखाद्या गृहिणीनें सरकारी अन्नसाहाय्यासाठीं अर्ज केला, म्हणजे तिला प्रथम विचारतात तें घरांत पैसे किती येतात हें. प्रश्न सोपा वाटतो. परंतु पैसा किती, याइतकेंच तो कोणत्या वाटेनें आला यालाहि तेथील नियमांत महत्त्व आहे.

सन १९३९ मध्यें रॉचेस्टर शहरीं अन्नाच्या तिकिटांचा पहिला प्रयोग झाला. तो १९४३ त बंद पडला. पुढें १९६४ त कायदा झाला, आणि २००८ पासून ही योजना 'स्नॅप' या नांवानें चालते. साधारण नियम असा कीं, कुटुंबाची एकूण मासिक मिळकत सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांहून अधिक नसावी, आणि सवलती वजा जातां उरलेली निव्वळ मिळकत त्या रेषेच्या आंत असावी.

खरी मेख या वजाबाकींत आहे. शेजारच्या दोन घरांत दरमहा १,००० डॉलर येतात, एकांत मजुरीचे आणि दुसऱ्यांत बेकारभत्त्याचे, असें समजावें. मजुरीच्या पैशांतून शेंकडा २० आधींच वगळतात, कारण कामावर जाण्यासहि खर्च लागतो. बेकारभत्ता मात्र पुरता धरतात. निव्वळ मिळकतीचा शेंकडा ३० भाग कुटुंब अन्नावर खर्च करील असें मानून तेवढी रक्कम साहाय्यांतून कमी होते. म्हणजे बाकी सर्व सारखें असतां मजुराच्या घरास महिना ६० डॉलर अधिक मिळतात. श्रमास उत्तेजन हा हेतु चांगलाच. पण ज्याची नोकरी गेली, त्याच्या घरीं पाव कांहीं स्वस्त मिळत नाहीं.

याहून नाजूक गोष्ट आप्तांच्या मदतीची. भावानें बहिणीच्या हातीं दरमहा ३०० डॉलर ठेवले, तर ती तिची मिळकत ठरते. तेच पैसे त्यानें परस्पर घरमालकास दिले, तर ठरत नाहीं. मात्र तेवढें भाडें तिला स्वतःचा खर्च म्हणून दाखवितां येत नाहीं. तेव्हां कोणती वाट हिताची, हें हिशेब मांडल्यावांचून कळत नाहीं. फेडावयाचें कर्ज मिळकतींत धरीत नाहींत. शेजारणीनें दिलेली भाजीहि नाहीं. घरीं शिवणकाम करणारी बाई कापड-दोऱ्याचा खर्च वजा टाकून उरलेलें तेवढेंच दाखविते.

शाळेंत जाणाऱ्या, आईबापांजवळ राहणाऱ्या मुलाची कमाईहि सोडून देतात. फावल्या वेळीं दुकानांत राबून त्यानें चार पैसे आणले, तर ते घरास निखळ मिळतात. पण त्याला अठरा वर्षें पुरीं झालीं, कीं शाळा संपली नसली तरी, पुढील महिन्यापासून त्याची मजुरी घराच्या मिळकतींत मिळविली जाते.