ओस पडलेली शाळा आणि गावाची किल्ली
(दारव्हा येथील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आपल्या दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावरून यवतमाळ-मुर्तिजापूर ही अरुंद मापाची गाडी, जिला आपण सारे ‘शकुंतला’ म्हणतो, कित्येक पिढ्या धावली. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी हा ११३ किलोमीटरांचा मार्ग घातला गेला. १९९४ च्या सुमारास वाफेचे इंजिन गेले, डिझेलचे आले, आणि पुढे गाडीच थांबली. तिच्या स्थानकांचे काय करावयाचे हा प्रश्न रेल्वेचा आहे. परंतु याच जातीचा एक लहान प्रश्न आपल्या गावोगावी पडून आहे, आणि त्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे. नवी इमारत झाली किंवा पटसंख्या घटली म्हणजे जुन्या शाळेच्या दोन कवेलूच्या खोल्या मोकळ्या पडतात. प्रथम त्यांत मोडकी बाके जातात, मग कुटार, आणि शेवटी रात्रीचे पत्ते.

अशा दोन खोल्या मी एके काळी उघडल्या होत्या. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. श्रमदान झाले, भिंतींना चुना लागला, मुलांसाठी पुस्तके व मोठ्यांसाठी वृत्तपत्र आले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पाच-सहा मुले रात्री तेथे अभ्यासास बसू लागली. मला मोठे समाधान वाटले. किल्ली माझ्या खिशात, हिशेब माझ्या वहीत आणि वेळापत्रक माझ्या मनात असे. तीन वर्षांनी माझी बदली झाली. किल्ली मी एका सद्गृहस्थांकडे दिली. त्यांनी ती जपून ठेवली, इतकी की ती पुन्हा कोणास मिळाली नाही! वर्षभराने मी गेलो तेव्हा ओसरीवर शेळ्या बांधलेल्या होत्या. गावाने ती जागा सोडली, असा दोष मी मनात बरेच दिवस दिला. वस्तुतः ती गावाची कधी झालीच नव्हती. ती ‘गुरुजींची खोली’ होती.

याच्या उलट उदाहरण आपल्याच विदर्भातले आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात घोटूल, म्हणजे तरुणांचे एकत्र जमण्याचे परंपरागत घर, नाहीसे झाले होते. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात गावाने ते पुन्हा उभारण्याचे ठरविले आणि त्यासाठी जंगलातील लाकूड आणले. वनखात्याने ते पाडले. गावाने ते पुन्हा बांधले, आणि आसपासची गावेही पाठीशी उभी राहिली. देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते तेथे आहेत, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे सोबतीही लाभले. तथापि निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. पाडलेले घर दुसऱ्यांदा उभे राहिले याचे कारण मला येथेच दिसते. एकट्याने ठरविलेले घर पडले, तर ते दुसऱ्यांदा बांधावयास कोण येणार?

२००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील सामाईक कुरणे, वने व पाणीवाटप यांचा अभ्यास केला. जे वापरतात तेच जेथे नियम करतात, तेच देखरेख ठेवतात, आणि नियम मोडणाऱ्यास आरंभी सौम्य व पुढे वाढत जाणारे प्रायश्चित्त असते, तेथे सामाईक वस्तू दीर्घकाळ टिकते, असे त्यांना आढळले. दोन खोल्यांनाही हे लागू पडावे, असे मला वाटते.

व्यवहाराचे थोडे सांगतो. इमारतीची मालकी प्रथम पाहावी. ती जिल्हा परिषदेची असल्यास शाळा व्यवस्थापन समितीची संमती व ग्रामसभेचा ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी मागावी. तोंडी होकारावर कुलूप काढू नये. बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी झाल्यावाचून तर मुळीच नाही. वास्तू निर्लेखनास योग्य ठरली, तर तिचा मोह सोडावा. मुलांच्या डोक्यावर कुजलेला वासा नको.

ग्रामसभेत ठराव होताना कोण बोलले यापेक्षा कोण आले नाही, याकडे लक्ष द्यावे. गावाच्या कडेच्या वस्तीतील माणसे पायरीवरच उभी असतील, तर ती जागा अद्याप सर्वांची नाही. स्त्रियांची सोयीची वेळ त्यांनाच विचारावी. कापूसवेचणीच्या दिवसांत ती निराळी असते. झाडलोट केवळ मुलींकडे जाते, हा आपल्या शाळांतला जुना दोष तेथे नेऊ नये. आणि जमाखर्च वहीत न ठेवता भिंतीवरच्या फळ्यावर लिहावा.

पुढे दुसऱ्या एका गावी मी पहिल्या दिवसापासून किल्ली घेण्याचे नाकारले. प्रत्येक पुऱ्याकडे आठवडाभर किल्ली आणि त्याच आठवड्याची झाडलोट, असे लोकांनीच ठरविले. पहिल्या वर्षी दोनदा भांडण झाले, एकदा महिनाभर दार बंद राहिले. मी मध्ये पडलो नाही, आणि ते मला फार जड गेले. तेथूनही माझी बदली झाली. गेल्या पावसाळ्यानंतर त्या वाटेने जाताना दिवेलागणीला थांबलो. दार उघडे होते, आत चार मुले वाचीत होती. किल्ली कोणाकडे असते, असे एका मुलीला विचारले.

“या हप्त्यात खालच्या पुऱ्याकडे हाय,” ती म्हणाली, “तुमी कोन?”