एका चिखलावर दोन चोची



अध्यक्षीय भाषणं बहुधा ऐकताऐकताच विसरली जातात. आपल्या परिस्थितिकीशास्त्रात मात्र एक असं आहे की त्यावर अजून वाद चालतात. जी. एव्हलिन हचिन्सन यांनी अमेरिकेतल्या निसर्ग-अभ्यासकांपुढे केलेलं हे भाषण १९५९ साली छापून आलं. सिसिलीत सांता रोझालिया या संतिणीच्या गुहेखाली एक डबकं होतं. त्यात त्यांना पाणकिड्यांच्या दोन जाती सापडल्या, एक मोठी आणि एक छोटी. दोनच का? वीस किंवा दोनशे का नाहीत? 

त्यांचं उत्तर थोडक्यात असं : एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन जाती शेजारी नांदायच्या, तर त्यांच्या चोचींच्या किंवा जबड्यांच्या मापात साधारण १.३ पटीचा फरक लागतो. पुढे १९७७ मध्ये हॉर्न आणि मे या शास्त्रज्ञांनी हेच प्रमाण स्वयंपाकघरातल्या तव्यांच्या संचात आणि मुलांच्या सायकलींतही काढून दाखवलं! निर्जीव वस्तूंतही तेच प्रमाण दिसल्यावर आकडा डळमळला, पण प्रश्न शाबूत राहिला.

तो प्रश्न आपल्या सांताक्रूझलाही विचारता येतो. वाकोला नाल्याच्या काठी नाकाला रुमाल लावून थोडा वेळ उभे राहा. वंचक हा पक्षी काठावर पुतळ्यासारखा थांबून भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहतो. छोटा बगळा पिवळा पंजा हलवून गाळ ढवळतो आणि त्यातून उठेल ते टिपतो. शेकाट्या लांब पायांमुळे या दोघांच्या पुढे, खोल पाण्यात शिरतो. नाला एकच, पण जेवायची पद्धत प्रत्येकाची निराळी. हे गुण्यागोविंदाने राहणं मुळीच नव्हे. जागेवरून हुसकाहुसकी रोज चालते.

याहून देखणा दाखला ठाण्याच्या खाडीत आहे. मोठा रोहित (फ्लेमिंगो) आणि छोटा रोहित ओहोटीच्या वेळी एकाच चिखलावर उतरतात, दोघेही चोच उलटी करूनच खातात. मोठ्याच्या चोचीतली गाळणी जाड, म्हणून तो कवचधारी जीव, शंखशिंपले, अळ्या उचलतो. छोट्याची गाळणी इतकी बारीक की त्यात सूक्ष्म शैवाल अडकतं. मोठ्याची मान लांब, त्यामुळे तो तळापर्यंत जातो. छोटा वरचा थर गाळतो. ही खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. पण छोट्या रोहिताचं ताट वाढलं त्यात शहराच्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचाही हात असावा. निसर्गप्रेमींना हे ऐकायला आवडत नाही, तरी ते बोललं पाहिजे.

आता उलट बाजू. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, तेव्हा वाद झाला तो फुप्फुसांचा आणि श्रद्धेचा. अन्नाच्या अंगाने फारसं कुणी बोललं नाही. एकाच जागी, बारा महिने, ढिगाने धान्य टाकलं की कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. उघड्या कचऱ्यावर घारी, कावळे आणि कुत्री माजतात त्यामागचं गणितही तेच. ताट एकाच पदार्थाचं झालं की पंगतीला मोजक्याच जाती उरतात.

अन्नाकडे असं दुर्लक्ष होतं, म्हणून माझी तक्रार आपल्याच पक्षीनिरीक्षक मंडळींविषयी आहे. आपण याद्या फार करतो. सकाळी फेरी, दुपारी जातींचा आकडा, संध्याकाळी फोटो. कोण काय खात होतं, किती खोलीवर, भरतीला की ओहोटीला, हा रकाना आपल्या वह्यांत कोराच असतो. सालिम अलींनी पक्ष्यांच्या खाण्याकडे जितक्या चिकाटीने पाहिलं, तितकं आपण दुर्बिणी चांगल्या मिळूनही पाहत नाही.

ही नोंद आत्ताच हवी, याला कारण आहे. मुंबईत सांडपाणी शुद्ध करणारी सात नवी केंद्रं उभी राहत आहेत. त्यातली घाटकोपर आणि भांडुपची केंद्रं खाडीच्या बाजूची आहेत. ती पूर्ण क्षमतेने चालली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र खाडीचं पाणी पालटेल तेव्हा शैवालाचं आणि छोट्या रोहितांचं काय होतं, हे ओळखायला आजचे आकडे हाताशी लागतील. येत्या नोव्हेंबरपासून, रोहित उतरू लागले की, दर ओहोटीला तो कोरा रकाना भरायचा, असा ठराव मी या व्यासपीठावरून मांडतो. अनुमोदन कोण देतंय?